क्लचचा पाय आणि ब्रेकचा पाय

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"ताई, नमस्कार. वय ४४. मोशीला राहतो, चाकण एमआयडीसीत प्रॉडक्शनला सुपरवायझर आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड हॅचबॅक घेतली, गिअरची. रोज मोशी ते चाकण आणि परत. सुट्टी गुरुवारची, म्हणून दर दुसऱ्या बुधवारी ड्युटी संपली की तसाच सिन्नरला आई-वडिलांकडे निघतो. दिवाळीपासून पाय दुखतोय. आधी डावा गुडघा, पुढच्या बाजूने. तळेगाव चौकात अडकलो की मांडी भरून येते. सहा आठवड्यांपासून उजवाही धरायला लागलाय. तासाभराने बुडापासून पिंढरीपर्यंत सणक जाते. गेल्या वेळी संगमनेरच्या पुढे उजव्या पावलाला मुंग्या आल्या आणि पाय ब्रेकवर आहे की नाही हेच दोन मिनिटं कळेना. गाडी बाजूला घेतली. बायको रोज रात्री तेल लावून पाय चोळून देते. आई म्हणते वात आहे. मित्र म्हणतो ही गाडी काढ, ऑटोमॅटिक घे. मेडिकलवाल्याने एक पेनकिलर आणि एक स्नायू सैल व्हायची गोळी दिली आहे, दोन्ही सकाळी निघताना घेतो. एमआरआय काढू का?"

भाऊ,

तुमचं मूळ पत्र चार पानी होतं. त्यात 'पाय दुखतो' अकरा वेळा आलंय, मी मोजलं. 'सणक' एकदा आणि 'मुंग्या' एकदा. माझं लक्ष त्या एकेकदा आलेल्या शब्दांवरच गेलं. त्यामुळे बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे: पावलाला मुंग्या येणं थांबेपर्यंत आणि डॉक्टरांनी एकदा तपासेपर्यंत सिन्नरला गाडी घेऊन जायचं नाही. ताशी ८० ने चाललेली गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. आपला पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर हे समजायला त्यातला एक सेकंद गेला, तर पुढे उसाची जोडट्रॉली असताना काय होईल ते त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. गाडी बाजूला घेतलीत ते शहाणपणाचं केलंत. पण दोन मिनिटांनी पाय मोकळा झाला म्हणून पुढे निघालात, हे चौथ्या पानावर सहज लिहून गेलायत.

दुसरं त्या गोळ्यांचं. स्नायू सैल करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी झापड येते. नसेच्या दुखण्यावर देतात त्यातल्याही काही गोळ्यांनी येते. ती गोळी घेऊन तुम्ही सकाळी चाकणच्या कंटेनरांमधून गाडी काढताय. उद्यापासून बंद. पेनकिलरही आठवड्यामागून आठवडे स्वतःच्या मनाने घेण्याची वस्तू नाही, पोट आणि मूत्रपिंड दोन्हीकडून ती वसुली करते. काय घ्यायचं, किती दिवस आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या. "मी रोज गाडी चालवतो" हे वाक्य त्यांच्यासमोर आवर्जून उच्चारा.

आता पायाकडे येते. पायांकडे म्हणायला हवं, कारण तुमच्या दोन पायांना दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही, आई, बायको, मित्र आणि मेडिकलवाला, सगळे मिळून त्याला एकच समजताय.

मी फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटला मी एक्स-रे बघण्याआधी शब्द विचारते. कळ येते, ठणकतं, सणक जाते, मुंग्या येतात की गोळा येतो? आपल्या भाषेने हे काम आधीच करून ठेवलंय. थकलेला स्नायू भरून येतो, जड होतो. गोळा येतो तो बहुतेक पोटरीत, रात्री, अचानक, आणि पाय ताणला की सुटतो. ठणका म्हटलं की मी सूज, लाली, ताप शोधते. सणक मात्र रेघेसारखी जाते, इथून निघाली आणि तिथे पोचली असं बोटाने दाखवता येतं. सणक आणि मुंग्या एकत्र आल्या की मी नसेचा विचार करते, आणि पायाची नस म्हटलं की कंबर तपासल्याशिवाय पेशंटला सोडत नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय, डावी मांडी 'भरून येते' आणि उजवीकडे 'सणक जाते'. निदान अर्धं तुम्हीच केलंय.

डावा पाय आधी, कारण तो सोपा आहे.

माझे वडील संगमनेर डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्या आणि क्लच असा की दाबताना माणूस सीटवरून उचलला जायचा. ते घाटात सुद्धा क्लचवर पाय ठेवून गाडी धरत नसत. नवीन ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी खेळवताना दिसला की वडील म्हणायचे, "पाय भाड्याने आणलाय का रे?" गुडघ्याचं शास्त्र त्यांना माहीत नव्हतं, पण बरोबर बोलत होते. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेत सरकते. गुडघा जितका जास्त दुमडलेला, तितकी ती वाटी हाडावर जोरात दाबली जाते. सीट पुढे घेऊन बसणाऱ्याचा गुडघा आधीच खूप दुमडलेला असतो, आणि तिथून तो क्लच ढकलायला लागतो. चाकणच्या गर्दीत असं किती वेळा होतं? एक दिवस आळंदी फाट्यापासून तळेगाव चौकापर्यंत मोजा. मी आकडा सांगितला तर खोटा वाटेल. जिना उतरताना किंवा बराच वेळ मांडी घालून बसल्यावर तिथेच दुखत असेल, तर दुखणं वाटीचं आहे असं बऱ्यापैकी धरून चालायला हरकत नाही.

पण गुडघ्याला दोष देण्याआधी क्लच तपासा. माझीच गोष्ट सांगते. आठेक वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा असाच धरला. मी फिजिओथेरपिस्ट, मग काय, स्वतःला व्यायाम दिले, पट्टी लावली, बर्फ लावला. गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा क्लच जड लागतोय म्हणून सांगितलं होतं. "मॅडम, ह्या मॉडेलचा असाच असतो" म्हणून गाडी धुऊन परत दिली. तीन महिने मी गुडघ्यावर उपचार करत राहिले. शेवटी घराजवळच्या मेकॅनिकने केबल काढून दाखवली. आतल्या तारांचे दोन-तीन पदर तुटून फुलले होते आणि प्रत्येक वेळी वेष्टणाला घासत होते. नवी केबल टाकली आणि पंधरा दिवसांत गुडघा गप्प. माझ्या व्यायामांना श्रेय द्यायचा मी प्रयत्न केला, पण घरात कोणी मानलं नाही.

तुमची गाडी सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने क्लच कसा वापरला ते तुम्हाला ठाऊक नाही. कंपनीच्या पार्किंगमध्ये त्याच मॉडेलची दुसरी गाडी असणारच. मालकाला विचारून इंजिन बंद असताना तिचा क्लच चार वेळा दाबा आणि लगेच स्वतःच्या गाडीत बसून दाबा. फरक पायाला कळतो. क्लच अगदी वर आल्यावर गाडी उचलत असेल तर प्लेट संपत आलेली असण्याची शक्यता आहे, आणि झिजलेल्या प्लेटबरोबर क्लच जड होत जातो. आणखी एक जागा बघा: जाड थ्रीडी मॅट क्लचखाली घुसलंय का. ते असलं की क्लच पूर्ण दबत नाही आणि आपण नकळत सीट आणखी पुढे ओढतो. तेच मॅट ब्रेकखाली सरकलं तर गुडघ्याचा प्रश्नच राहणार नाही, वेगळाच प्रश्न येईल.

सवयीचं म्हणाल तर दोनच बदल करा. थांबलात की न्यूट्रल आणि पाय खाली. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून सिग्नलकडे बघत बसायचं नाही. आणि गर्दी सरकत असेल तेव्हा पुढे एका गाडीची जागा मोकळी सोडा, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटर न देता गाडी आपली आपण रांगते. त्या जागेत बाइकवाले घुसतील. घुसू द्या. त्यांना तुम्ही अडवू शकला असतात तर चाकणची ही अवस्था झाली नसती. हायवेला लागलात की डावा पाय क्लचच्या डावीकडे जमिनीवर किंवा टेकूवर. क्लचवर नुसता ठेवलेला पाय गुडघाही खातो आणि क्लचही.

उजवा पाय. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

कमरेच्या खालच्या मणक्यांमधून निघणाऱ्या नसा एकत्र येऊन एक जाड नस होते, जवळपास अंगठ्याएवढी. ती कुल्ल्यातल्या स्नायूखालून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीत आणि पावलात जाते. सायटिका म्हणतात ते हिच्या दुखण्याला. ती दुखावते बहुतेक दोन ठिकाणी. एक, मणक्यापाशी, दोन मणक्यांमधली चकती सरकून तिच्या मुळाला टोचते तेव्हा. दुसरं, कुल्ल्यात, बसल्या जागी दाबली जाते तेव्हा. गाडी चालवणारा माणूस दोन्ही जागी सापडतो. बसल्यावर कमरेच्या चकत्यांवर उभं राहिल्यापेक्षा जास्त भार येतो. त्यात गाडीचा हादरा. सेकंदाला ४ ते ६ वेळा होणारं वरखाली आपल्या पाठीच्या कण्याला सगळ्यात जास्त हलवतं, आणि बसलेल्या शॉकअपची गाडी खराब रस्त्यावर साधारण तसंच हलवते. दोन वर्षांत शॉकअप बघितलेत का? चाकांत हवा जास्त भरून फिरताय का?

आता एक काम करा. ड्रायव्हरच्या सीटवर नेहमीसारखे बसा आणि उजवा हात मागच्या खिशावर ठेवा. पाकीट आहे ना? आधार, पॅन, लायसन्स, तीन एटीएम कार्डं, मुलीचा फोटो आणि पेट्रोल पंपाच्या चिठ्ठ्या. एवढी जाड वस्तू एका कुल्ल्याखाली ठेवून तुम्ही दीडशेच्या वर किलोमीटर जाता. त्याने एका बाजूचं बूड उचललं जातं, कंबर तिरकी होते आणि नस त्या वस्तूवर दाबली जाते. पाकीट आजपासून डॅशबोर्डच्या कप्प्यात.

मग खाली उतरा आणि सीटचा फोम बघा. आपल्या गाड्यांना ड्रायव्हरचं दार उजवीकडे. चढता-उतरताना प्रत्येक वेळी माणूस सीटच्या उजव्या कडेवर पूर्ण वजन टाकून घसरतो. काही वर्षांनी ती बाजू खचते. वरून सीट कव्हर घातलेलं असतं म्हणून दिसत नाही. दोन्ही तळवे सीटवर बुडाच्या जागी ठेवून सारख्या जोराने दाबा, आधी शेजारच्या सीटवर, मग ड्रायव्हरच्या. सीटची उजवी बाजू जास्त खोल गेली तर तुमच्या सणकेचा एक मोठा भाग तिथे आहे. खुर्चीचं कुशन भरणारे कारागीर भोसरीत मिळतील. कव्हर काढून फोमचा तुकडा भरून देतात. त्यावर मण्यांचं आसन किंवा मधे खड्डा असलेली उशी लगेच आणू नका. आधी बूड सपाट होऊ द्या.

ह्यात डाव्या पायाचाही हात आहे. सीट फार मागे असली की क्लच पुरेपूर दाबायला माणूस कंबर डावीकडे ढकलतो. थोडीशीच, पण दर वेळी. म्हणजे क्लच डाव्या पायाने दाबला आणि हिशेब उजव्या बाजूच्या नसेने चुकता केला.

तेव्हा सीट नव्याने लावू. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, ज्या चपला-बुटात गाडी चालवता तेच घालून. बूड मागे पाठीला पूर्ण टेकवा. सगळे जण अर्धवट बसून सीट लावतात आणि नंतर घसरतात. आता क्लच तळापर्यंत दाबा. गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. ताठ झाला तर सीट पुढे, स्टिअरिंगखाली अडकू लागला तर मागे. उजव्या पायाने ब्रेक जोरात दाबून हेच पाहा. गुडघ्याच्या मागे आणि सीटच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं मावली पाहिजेत, नाहीतर ती कड पोटरीकडे जाणारं रक्त आणि नस दोन्ही दाबते. खुबा गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर हवा. तुमच्या गाडीत सीट वरखाली होत नसेल तर घडी केलेली घट्ट चादर बुडाखाली चालेल. वडील पंच्याची घडी वापरायचे. पाठ काटकोनापेक्षा थोडीच मागे कललेली. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे, आणि छाती व स्टिअरिंगमध्ये किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं, एअरबॅगसाठी. कमरेच्या पोकळीत छोटा टॉवेल गुंडाळून ठेवा. मनगटाएवढा पुरे, तक्क्या नको. हे सगळं एकदा जमलं की सीटच्या पट्टीवर खडूने खूण करा, कारण मुलगा किंवा मेहुणा गाडी नेतो आणि सीट हलवून ठेवतो.

बुटांचं पत्रात काहीच नव्हतं, पण ड्युटीवरून थेट निघता म्हणजे पायात सेफ्टी शूज असणार. पुढे लोखंडी टोपी, खाली जाड तळवा, घोट्यापर्यंत आवळलेले. त्यात घोटा वाकत नाही, म्हणून माणूस पूर्ण पाय उचलून ॲक्सिलरेटर देतो आणि नडगी धरते. पेडल किती दबलं तेही कळत नाही. उलटं टोक म्हणजे मागे पट्टा नसलेली चप्पल, तीही नको. पातळ तळव्याचे कॅनव्हासचे जुने बूट गाडीतच ठेवून द्या. टाच जमिनीवर टेकलेली आणि ब्रेकच्या रेषेत, चवडा ॲक्सिलरेटरकडे वळलेला. पाय अधांतरी धरायचा नाही. पँटचा पट्टाही सैल करा, सीटबेल्ट नव्हे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होणं किंवा बधिर होणं हे कित्येकदा पोटाखाली आवळलेल्या पट्ट्याने होतं. ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण हे सदर वाचणाऱ्या दहा जणांना तरी होत असेल.

घरी एक तपासणी करता येईल. भिंतीजवळ उभे राहा, तोल गेला तर हात टेकायला. दहा पावलं चवड्यावर चाला. मग दहा पावलं टाचेवर, बोटं वर उचलून. डावा पाय जितका सहज उचलला जातो तितकाच उजवा उचलला गेला तर जरा निवांत व्हा. उजवीकडे टाचेवर चालताना पाऊल खाली पडत असेल किंवा चवड्यावर उभंच राहता येत नसेल, तर हे पत्र पुढे वाचू नका, दोन दिवसांत हाडांच्या किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर गाडीची किल्ली बायकोकडे. लघवीवरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, हे तर त्याच तासाला हॉस्पिटल. दिवस उजाडायची वाट बघायची नाही.

एमआरआय मी आत्ता सांगणार नाही. दुखत नसलेल्या माणसांचा काढला तरी चाळिशीनंतर बऱ्याच जणांत चकती थोडी फुगलेली दिसते. मग तो कागद घेऊन माणूस घाबरून बसतो आणि कण्याला 'गॅप' पडली म्हणून वाकायचं सोडून देतो. सायटिकाची कळ बहुतेकांत सहा ते बारा आठवड्यांत उतरते. तुमचे सहा झाले आहेत, आणि ह्या सहा आठवड्यांत तिला उतरायची संधी तुम्ही दिलेली नाही. ताकद कमी झाली, किंवा सीट सुधारून, व्यायाम करून, लांबचं ड्रायव्हिंग थांबवून महिन्याभरात फरक पडला नाही, तर डॉक्टर सांगतील आणि तेव्हा काढा. त्याआधी साध्या रक्ततपासण्या करा: साखर, एचबीए१सी (म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर), जीवनसत्त्व बी१२. तुमच्या वडिलांना मधुमेह आहे असं लिहिलंय, आणि पायाच्या मुंग्यांमागे साखर असेल तर कुशनवाला काही करू शकणार नाही.

मालिशचं बायकोला नीट समजावून सांगा, तिला वाईट वाटायला नको. डाव्या मांडीला हलकं तेल लावलं तर छानच. पण ज्या दिवशी एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी दिसेल, त्या दिवशी हात लावायचा नाही. तिथे शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट होतो, मग विमान असो, बस असो की गाडी. मुळात धोका छोटाच आहे, निरोगी माणसात सुमारे ६,००० त एक. पण सूज आणि सोबत दम लागला तर तो आकडा आठवत बसू नये.

व्यायाम थोडेच देते, नाहीतर कोणीच करत नाही. डाव्यासाठी: खुर्चीवर बसून हात न लावता उठा-बसा, दहाचे दोन हप्ते. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचला आणि पाच मोजा. वाटीला धरून ठेवणारी मांडी बळकट झाली की क्लच सोपा होतो. उजव्यासाठी: पालथे झोपा, दोन मिनिटं नुसते पडून राहा, मग कोपरांवर छाती उचला. ह्यात एक खूण लक्षात ठेवा. व्यायाम करताना पिंढरीतली सणक मांडीकडे, मांडीतली कमरेकडे सरकत असेल तर व्यायाम योग्य आहे, कमरेत जरा जास्त दुखलं तरी. उलट दुखणं खाली पावलाकडे जात असेल तर तिथेच थांबा. पाय सरळ करून अंगठे धरायचा अट्टहास करू नका. चिडलेली नस ताणली की आणखी चिडते. सूर्यनमस्कार थोडे दिवस राहू द्या.

गाडी बदलायचं म्हणाल तर मित्राचा सल्ला अर्ध्याच पायाला लागू होतो. ऑटोमॅटिकमध्ये डावा गुडघा सुटेल, पण ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि गर्दीत सतत ब्रेकवर धरून राहणं, हे सगळं उजव्याकडे जाईल. तुमची नस उजवीकडे दुखते. आधी उजवा बरा करा, मग गाड्या बघा. आणि बघायला जाल तेव्हा शोरूममध्ये दहा मिनिटं सीटवर नुसते बसून राहा. सेल्समन फीचर्स सांगत असेल तर सांगू द्या.

पुन्हा गाडीने जायला लागाल तेव्हा बुधवारी ड्युटीवरून तसेच निघू नका. दिवसभर फ्लोअरवर उभं राहून झालेले पाय घेऊन रात्रीचा चंदनापुरी घाट उतरायचा, हे दुखणं आपणहून बोलावणं आहे. गुरुवारी पहाटे निघा. नारायणगावला एकदा उतरा, आळेफाट्याला एकदा, संगमनेरला एकदा. उतरून हॉटेलच्या खुर्चीत बसलात तर तो थांबा धरत नाही. मिसळ खा, पण उभ्याने आधी पाच मिनिटं चाला. वडील प्रत्येक स्टँडवर खाली उतरून टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, सगळ्या टायरना एकेक ठोका देत गाडीभोवती पूर्ण फेरी मारायचे. लहानपणी मला वाटायचं ते हवा तपासतात. निवृत्तीनंतर एकदा विचारलं तर म्हणाले, "हवा क्लीनरही बघू शकतो गं. पाय मोकळे करायला काहीतरी निमित्त लागतं, नाहीतर कंडक्टर म्हणतो ड्रायव्हर टाइमपास करतोय."

तोपर्यंत आईंना फोन करून सांगा की पुढचे दोन गुरुवार एसटीने येतोय. नाशिकच्या गाड्या भोसरीवरूनच जातात, तिथे चढा. खिडकीची जागा घेऊ नका. डाव्या बाकावरची, मधल्या वाटेकडची घ्या, उजवा पाय बाहेर लांब करता येईल आणि उठून उभंही राहता येईल. टाचेवर चालून काय झालं तेवढं मला दोन ओळींत कळवा.